भिंतीला कान : एक चेक चित्रपट, कोल्हापूरची हजेरी आणि आपल्या वर्गातला फळा



आपल्या प्रत्येकाच्या वर्गात कधी ना कधी ही पद्धत असतेच. सर ऑफिसमध्ये गेले की मॉनिटर खडू घेऊन फळ्यापाशी उभा राहतो. फळ्याच्या कोपऱ्यात एक चौकोन, त्यात 'बोलणारी मुले' असं लिहिलेलं आणि खाली नावं. जास्त बोलला तर नावापुढे एक फुली, आणखी बोलला तर दुसरी फुली. सर आले की फुल्या मोजायच्या आणि शिक्षा द्यायची. मी विद्यार्थी असताना माझं नाव या चौकोनात कितीतरी वेळा आलं, आणि शिक्षक झाल्यावर पंधरा-सोळा वर्षं मी हाच चौकोन बिनदिक्कत वापरला. त्यात काही चुकतंय असं कधी मनातसुद्धा आलं नाही.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत एका चित्रपटवेड्या शिक्षक मित्राने मला एक जुना चेक चित्रपट बघायला लावला. नाव 'उखो', म्हणजे कान. चित्रपट संपल्यावर आम्ही दोघं बराच वेळ गप्प बसलो होतो. सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी फळ्यावरचा तो चौकोन बघून मला कसंतरीच झालं. तेव्हापासून 'पाळत' या विषयावर नववी-दहावीसाठी एक पाठ तयार करतो आहे. इतिहास, नागरिकशास्त्र आणि मराठी अशा तिन्ही तासांना तो चालतो. तो पाठ आणि त्यामागची माझी एक चूक, दोन्ही आज तुमच्यासमोर ठेवतो.

एक सूचना आधीच देतो. हा चित्रपट मोठ्यांसाठी आहे. त्यात दारू आहे, नवरा-बायकोची कडवट भांडणं आहेत. तो आपण शिक्षकांनी बघावा आणि मुलांना त्याची गोष्ट सांगावी. गोष्ट सांगूनही काम होतं, असा माझा अनुभव आहे.

चित्रपटाची गोष्ट

काळ साधारण १९५०च्या दशकाच्या सुरुवातीचा. देश चेकोस्लोव्हाकिया, शहर प्राग. तिथे कम्युनिस्ट पक्षाची एकपक्षीय राजवट आहे. लुडविक हा सरकारातला बडा अधिकारी. एका रात्री तो आणि त्याची बायको आना सरकारी मेजवानीहून घरी येतात. दोघंही थकलेले, ती तर बरीच प्यायलेली. घराच्या चाव्या जागेवर नाहीत. आत वीज नाही, फोन बंद. मेणबत्ती लावून दोघं घरात वावरू लागतात आणि बाहेर बागेत अनोळखी माणसं दिसतात.

एवढंच घडतं. पण तेवढ्याने लुडविकच्या पोटात गोळा येतो, कारण त्याच दिवशी त्याचा वरिष्ठ मंत्री आणि काही सहकारी पकडले गेलेत ही बातमी त्याला मेजवानीत कळलेली असते. मग तो मेजवानीतलं एकेक बोलणं आठवायला लागतो. अमका माझ्याशी हसला का नाही? तमक्याने खांद्यावर हात ठेवला तो कशासाठी? मी त्या मंत्र्याबद्दल कोणाजवळ काय बोललो होतो? घाबरून तो घरातले कागद शोधून काढतो आणि संडासात बसून जाळायला लागतो.

घरात 'कान' आहेत, म्हणजे चोरून ऐकण्याची यंत्रं आहेत, हे दोघांनाही ठाऊक आहे. त्यामुळे भांडणसुद्धा जागा बघून करायचं. इथे बोलू नको, तिथे बोल. घरातल्या काही जागा तरी सुरक्षित आहेत अशी त्यांची समजूत असते. या भांडणातच आपल्याला कळतं की तो दिवस त्यांच्या लग्नाचा वाढदिवस आहे आणि लुडविक तो साफ विसरलाय.

मध्येच गुप्त पोलिसांपैकी काही जण नशेत घरात येतात, खातात-पितात, गातात, गळ्यात पडतात आणि निघून जातात. ते मित्र म्हणून आले की पाळत ठेवायला, हे काही कळत नाही. ते गेल्यावर घरात शोधाशोध होते, तेव्हा जिथे नसतील असं वाटत होतं तिथेही यंत्रं सापडतात. म्हणजे रात्रभर जे बोललं, ते सगळं कोणीतरी ऐकलेलं आहे. आता अटक नक्की. लुडविक जीव द्यायच्या विचारापर्यंत जातो. पहाट होते, बंद असलेला फोन वाजतो आणि पलीकडून निरोप येतो की तुमची मंत्रीपदावर नेमणूक झाली आहे.

आपण सुटकेचा श्वास सोडणार, इतक्यात आनाचा चेहरा दिसतो. ती जास्तच घाबरलेली आहे. चित्रपट तिथेच संपतो.

वर्गात ही गोष्ट सांगितली की मुलं हमखास विचारतात, "सर, मग त्याला धरलं का न्हाई? मंत्री केलं म्हंजे चांगलंच झालं की!" आपला पाठ इथून सुरू होतो. त्याला मंत्री का केलं असेल? ज्याचं सगळं बोलणं वरच्यांनी ऐकलंय, ज्याची भीती त्यांना माहीत आहे, असा माणूस मंत्री झाला तर तो कोणाचं ऐकेल? गेल्या वर्षी एका मुलीने फार नेमकं उत्तर दिलं होतं. ती म्हणाली, "सर, त्याला तुरुंगात टाकायची गरजच उरली न्हाई."

चित्रपटामागची गोष्ट

या चित्रपटाचं नशीबही त्याच्या गोष्टीसारखंच निघालं. दिग्दर्शक कारेल काखिन्या आणि लेखक यान प्रोखाझ्का ही जोडी त्या वेळी गाजलेली होती. १९६८ साली चेकोस्लोव्हाकियात मोकळेपणाचे वारे वाहत होते. वर्तमानपत्रांवरची बंधनं सैल झाली होती, लोक उघड बोलू लागले होते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाच्या नेतृत्वाखाली परकी रणगाडे प्रागमध्ये घुसले आणि वारं फिरलं. 'उखो' त्यानंतर, ही दारं पुन्हा बंद होत असताना तयार झाला. १९७०मध्ये तो पूर्ण झाला आणि लगेच त्यावर बंदी आली. लोकांना तो बघायला मिळाला राजवट कोसळल्यावर, म्हणजे जवळजवळ २० वर्षांनी. १९९०च्या कान महोत्सवात तो स्पर्धेत होता. (कान नावाच्या शहरात 'कान' नावाचा चित्रपट, हा विनोद मराठीत मस्त जमतो. मुलांना फार आवडतो.)

मला खरा हादरा बसला तो लेखकाची कहाणी वाचून. यान प्रोखाझ्का आधी पक्षाच्या मर्जीतला माणूस होता. पुढे तो सुधारणावाद्यांच्या बाजूने उभा राहिला. मग गुप्त पोलिसांनी त्याच्या खासगी गप्पा चोरून ध्वनिमुद्रित केल्या. एका प्राध्यापक मित्राशी घरगुती बैठकीत तो जे बोलला, ते १९७०मध्ये चक्क सार्वजनिकरीत्या प्रसारित केलं गेलं. आपण सगळेच घरात जसं बोलतो तसंच ते बोलणं होतं. कोणाची थट्टा, कोणाला शिवी, मित्रांबद्दल एखादा तिरका शेरा. हेतू एकच, लोकांच्या नजरेतून माणूस उतरवायचा. फेब्रुवारी १९७१मध्ये प्रोखाझ्का कर्करोगाने गेला. वय अवघं ४२. कादंबरीकार मिलान कुंदेरा यांनीही या प्रसंगाबद्दल पुढे लिहिलं आहे.

घरातल्या कानाची गोष्ट लिहिणाऱ्या माणसाच्याच आयुष्यात कान लावलेले होते. मुलांना हे सांगितलं की वर्ग एकदम शांत होतो. मग मी एवढंच म्हणतो, "काल रात्री जेवताना घरात जे जे बोलला असाल, ते आज सकाळी शाळेच्या स्पीकरवरून लावलं तर?" आधी हशा होतो. मग एकेकाचा चेहरा उतरतो. कोणी काही वाईट बोललेलं नसतं. पण घरात बोललेलं बोलणं घरापुरतंच असतं, एवढं मात्र सगळ्यांना त्या क्षणी कळतं.

आपल्याकडची हजेरी

"हे तिकडं परदेशात झालं, आपल्याला काय त्याचं?" असं कोणी म्हणेल. म्हणून पाठाचा दुसरा भाग मी आपल्या कोल्हापुरात आणतो.

'हजेरी' हा शब्द आपल्या मुलांना रोज भेटतो. "हजर सर" म्हटलं की झालं. पण याच शब्दाने एके काळी इथल्या हजारो माणसांचं जगणं बांधून टाकलं होतं. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आणला. काही जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या गेल्या. १९११च्या कायद्याने त्याची पकड आणखी वाढली. नोंदवहीत नाव, बोटांचे ठसे, पोलिसांपुढे हजेरी, गाव सोडायचं तर परवानगी. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. तिला लोक 'सेटलमेंट' म्हणत आणि आजही म्हणतात. गुन्हा कोणी केला याचा शोध घ्यायची गरजच नाही, कारण कोण करणार हे आधीच ठरलेलं.

कोल्हापूर संस्थानातही महार, मांग, रामोशी, बेरड या जातींच्या माणसांना गावकामगाराकडे, पोलीस पाटलाकडे हजेरी द्यावी लागत असे. दिवसभर राबून आलेल्या माणसाने पुन्हा जाऊन सांगायचं की मी गावातच आहे, कुठे चोरी करायला गेलेलो नाही. पाहुण्याकडे मुक्कामाला जायचं तर हजेरी चुकणार. हजेरी चुकली की संशय, संशय आला की मार.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली ही हजेरी बंद केली. आपण शाहू जयंतीला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, आरक्षण, राधानगरीचं धरण, कुस्ती आणि वसतिगृहं यांवर भाषणं बसवतो. हजेरी बंद केल्याचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकतो. माझ्या मते तो स्वतंत्र पाठाचा विषय आहे. महाराज एवढ्यावरच थांबले नाहीत. ज्या फासेपारध्यांकडे सगळे चोर म्हणून बघत, त्यांना बोलावून त्यांनी काम दिलं आणि पहाऱ्यावर नेमलं. ज्याच्यावर पहारा ठेवायचा त्यालाच पहारेकरी केलं. विश्वास टाकल्यावर माणूस कसा वागतो, हे त्यांनी पुस्तकात वाचून नव्हे तर करून पाहिलं.

एक गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्यावी. सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम १९१७चा आणि पोलीस पाटलाची हजेरी बंद झाली ती १९१८मध्ये. म्हणजे ज्या घरातल्या बापाची चावडीवरची हजेरी थांबली, त्याच घरातल्या पोराची शाळेच्या हजेरीपटात नोंद सुरू झाली. शब्द एकच, पण एका हजेरीत माणूस संशयित आणि दुसरीत विद्यार्थी. तेव्हापासून सकाळी हजेरी घेताना मी नुसते नंबर म्हणत नाही, नावं घेतो. पाच मिनिटं जास्त जातात, जाऊ देत.

देशभरात गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. विमुक्त जमातींचे लोक हा दिवस 'विमुक्त दिन' म्हणून पाळतात. कायदा गेला, तरी नजर लगेच गेली नाही. लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' हे आत्मकथन शिक्षकांनी जरूर वाचावं. त्याला १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे. पोलिसांची धास्ती घरात असताना एखादं मूल शाळेत कसं येतं, हे त्यातून जसं कळतं तसं कुठल्याही प्रशिक्षणात कळत नाही.

कराडचं संमेलन

तिसरा प्रसंग आपल्यापासून तास-दीड तासाच्या अंतरावरचा. २५ जून १९७५च्या रात्री देशात आणीबाणी लागली. ती मार्च १९७७पर्यंत चालली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. चौकशीविना माणसं तुरुंगात गेली. कोण काय बोलतो, कोणाकडे कोण येतं-जातं यावर लक्ष होतं. ओळखीच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्या काळात चहाच्या गाड्यावरही लोक आवाज खाली करून बोलायचे असं ते सांगतात. माझे वडील सांगतात की घरी मोठ्याने वर्तमानपत्र वाचणाऱ्या माझ्या आजोबांना आजी म्हणायची, "हळू वाचा. भिंतीला कान असत्यात."

अशा वेळी डिसेंबर १९७५मध्ये कराडला मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होत्या दुर्गाबाई भागवत आणि स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, जे त्या वेळी केंद्रात मंत्री होते. जयप्रकाश नारायण तेव्हा आजारी होते. सरकारने ज्यांना पकडलं होतं, त्या माणसाच्या प्रकृतीसाठी दुर्गाबाईंनी भर संमेलनात सगळ्यांना प्रार्थना करायला सांगितली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली.

मुलांना मी विचारतो, की लुडविक आणि दुर्गाबाई यांच्यात फरक काय? दोघांवरही नजर होती. लुडविक खुर्चीवाला, दुर्गाबाईंकडे कुठलंच पद नाही. काही मुलं म्हणतात, दुर्गाबाई धाडसी होत्या. बरोबर आहे, पण तेवढंच नाही. दुर्गाबाई घरात जे बोलत होत्या तेच मंचावर बोलल्या. त्यांचं चोरून ऐकण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं. पण लगेच दुसरी बाजूही सांगावी लागते. प्रत्येकाने दुर्गाबाईंएवढं धीट असावं ही अपेक्षा बरोबर नाही. साध्या, घाबरट माणसालाही आपल्या घरात निर्धास्त बोलता आलं पाहिजे. त्यासाठी तर कायदा असतो.

नागरिकशास्त्राच्या तासाला इथे कायद्याचा धागा जोडता येतो. १९६२ साली खरकसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रात्री-अपरात्री पोलिसांनी संशयिताचं दार ठोठावणं घटनाबाह्य ठरवलं, पण खासगीपण हा मूलभूत हक्क आहे असं मात्र तेव्हा मानलं नाही. १९९६मध्ये फोन चोरून ऐकण्यावर न्यायालयाने नियम घालून दिले. शेवटी २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने एकमताने सांगितलं की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. यातली एक गोष्ट मराठी मुलांना विशेष सांगण्यासारखी आहे. आणीबाणीत, १९७६ साली, नागरिकाला बेकायदा अटकेविरुद्ध न्यायालयात दादही मागता येणार नाही असा निकाल ज्या न्यायमूर्तींनी दिला, त्यांत यशवंत चंद्रचूड होते. २०१७च्या निकालात तो जुना निकाल चूक होता असं लिहिणारे न्यायमूर्ती होते त्यांचेच चिरंजीव, धनंजय चंद्रचूड. वडिलांची चूक मुलाने आदराने पण स्पष्ट शब्दांत दुरुस्त केली.

आता माझी चूक

शाहू महाराज, दुर्गाबाई सगळं सांगून झालं. आता माझ्या फळ्याकडे येतो.

माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचं नाव फळ्यावर जवळजवळ रोज यायचं. बोलतो म्हणून नव्हे. मॉनिटर त्याच्या नावापुढे कंसात 'झोपतो' असं लिहायचा. मी त्याला उभं करायचो, तोंड धुवून यायला पाठवायचो, एक-दोनदा वर्गाबाहेरही काढलं. दोन महिने असं चाललं. माझ्याकडे त्याची पक्की नोंद होती. कोणत्या वारी, कोणत्या तासाला, किती वेळा झोपला, सगळं.

नंतर एक दिवस त्याची आई शाळेत आली तेव्हा कळलं. वडील आजारी होते, कामावर जात नव्हते. हंगाम सुरू झाल्यापासून हा पोरगा गावाजवळच्या गुऱ्हाळावर कामाला जात होता. पहाटेपर्यंत चुलवाणाला जळण घालायचं, सकाळी अंघोळ करून शाळेत यायचं. मी सुन्न झालो. पण त्याहून जास्त लागलं ते पुढचं. ही गोष्ट वर्गातल्या निम्म्या पोरांना माहीत होती. मॉनिटरलासुद्धा.

मी मॉनिटरला बाजूला घेऊन विचारलं, "अरे, तुला माहीत होतं तर मला सांगितलं का नाहीस?"

तो खाली मान घालून म्हणाला, "सर, तुमी फकस्त कोण झोपतो एवढंच लिव्हायला सांगितलंता."

आणि मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "सर, सांगितलं असतं तर चुगली झाली असती."

मित्रांनो, मी यावर बरेच दिवस विचार केला. मी वर्गात एक कान बसवला होता. त्या कानाने मला सगळं सांगितलं, पण जे कळायला हवं होतं ते सांगितलं नाही. उलट त्या कानामुळेच पोरांनी माझ्याशी बोलणं बंद केलं होतं. जो वर्गात नावं लिहून घेतो, त्याला मनातलं कोण सांगेल? सांगणं म्हणजे चुगली, आणि गप्प बसणं म्हणजे मैत्री, हे त्यांना मीच शिकवलं होतं. मॉनिटरचा तर त्यात काहीच दोष नव्हता. तेरा-चौदा वर्षांच्या पोराच्या हातात खडू देऊन मित्रांची नावं लिहायला मीच उभं केलं होतं.

त्या मुलाचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचाराल. शाळेतल्या सहकाऱ्यांनी आणि गावातल्या काही जणांनी मिळून घरची अडचण थोडी हलकी केली, रात्रीचं काम थांबलं. दहावी तो पास झाला. पण ते दोन महिने मी त्याला झोपेबद्दल शिक्षा दिली, ते काही परत घेता येत नाहीत. मी त्याची वर्गासमोर माफी मागितली. तेवढंच हातात होतं.

वर्गात हा पाठ असा घ्यावा

साधारण दोन तासिका पुरतात.

१. सुरुवात म्हणीने करावी. 'भिंतीला कान असतात' ही म्हण घरात कोण, कधी, कशासाठी वापरतं ते मुलांना आठवून सांगू द्यावं. पुष्कळ मजेदार उत्तरं येतात. तास मोकळा होतो.

२. मग चित्रपटाची गोष्ट सांगावी, पण फोन वाजतो तिथे थांबावं. फोनवर काय निरोप असेल ते मुलांनी दोन ओळींत लिहावं. नंतर खरा शेवट सांगावा.

३. 'हजेरी' या शब्दाचे दोन अर्थ फळ्यावर समोरासमोर लिहावेत, चावडीवरची आणि शाळेतली. कोण घेतो, कशासाठी घेतो, चुकली तर काय होतं, असे तीन रकाने मुलांनी भरावेत.

४. घरच्या किंवा शेजारच्या वयस्कर व्यक्तीला १९७५ ते १९७७ या काळाबद्दल तीन प्रश्न विचारून यावेत. कोणी आणीबाणीच्या बाजूनेही बोलेल, गाड्या वेळेवर धावायच्या असं म्हणेल. तेही लिहून आणावं. शिक्षकाने खोडू नये, त्यावर वर्गात बोलावं.

५. शेवटी चुगली आणि सांगणं यांतला फरक काढावा. मी मुलांना एकच कसोटी देतो. तुझ्या सांगण्याने कोणी अडचणीत जावं म्हणून सांगतोयस, की कोणी अडचणीतून बाहेर यावं म्हणून? पहिली चुगली. दुसरं सांगणं, आणि ते केलंच पाहिजे. कोणी कोणाला त्रास देत असेल, कोणाच्या जिवाला धोका असेल तर गप्प बसणं ही मैत्री नव्हे, हे स्पष्ट शब्दांत सांगावं. नाहीतर या पाठाचा उलटाच अर्थ मुलं घेतील.

फळ्यावरचा चौकोन मी बंद केला. सुरुवातीला महिनाभर वर्गात कालवा वाढला, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. मुख्याध्यापकांनी दोनदा विचारलंही. आता वर्गात न जाता बाहेर काम असलं तर मी मुलांना एक गट-काम देतो आणि आल्यावर "काय झालं?" असं सगळ्यांना मिळून विचारतो. थोडा गोंगाट असतोच. पण पोरं मधल्या सुट्टीत जवळ येऊन सांगायला लागलीत, "सर, अमक्याच्या घरी असं असं झालंय."

पालकांसाठी थोडं

पालकसभेत हल्ली दोन प्रश्न ठरलेले असतात. वर्गात कॅमेरा का नाही, आणि मुलाचा फोन तपासावा का. एका पालकांनी मला सांगितलं, "सर, पोरगी झोपली की मी तिचा मोबाईल बघतो. तिला माहीत नाही. काळ वाईट आहे." त्यांची काळजी खोटी नाही. ऑनलाइन फसवणूक, धमक्या, नको ती चित्रं, हे सगळं आपल्या गावापर्यंत आलेलं आहे. लहान मुलाच्या हातात फोन देऊन मोकळं सोडावं असं मी अजिबात म्हणणार नाही.

पण लपून बघणं आणि सांगून बघणं यात फरक आहे. "बाळा, तू लहान आहेस तोवर तुझा फोन मी अधूनमधून बघणार, तुझ्यासमोर बघणार, आणि तू मोठी होशील तसं कमी करत जाईन" असं सांगून केलं तर मुलगी कुरकुर करेल, पण तिला घर कळेल. चोरून बघितलं आणि एक दिवस तिला समजलं, की ती दुसरा फोन, दुसरं खातं, मैत्रिणीचा मोबाईल, काहीतरी शोधणारच. आणि खरंच संकट आलं, तर ती सांगायला तुमच्याकडे येणार नाही. लुडविक आणि आनाच्या घरात शेवटी यंत्रापासून लपता लपता दोघं एकमेकांशीही नीट बोलेनासे झाले होते. आपल्या घराचं तसं होऊ नये.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर फाटकावर, जिन्यात, मैदानावर तो जरूर असावा. मुलांच्या सुरक्षिततेसाठी ते लागतंच. पण कॅमेरा आहे म्हणून आपण मुलाकडे बघायचं थांबवलं, तर काय उपयोग? माझ्या वर्गात कॅमेरा असता, तर त्यानेही त्या पोराला झोपलेलं टिपलं असतं. गुऱ्हाळ त्यात दिसलं नसतं.

तुमच्या वर्गात 'बोलणारी मुले' असा चौकोन आहे का? असला तर एक आठवडा बंद करून बघा. काय अनुभव आला, चांगला की वाईट, तो जरूर कळवा. माझा गोंधळ झाला तसा तुमचा झाला तर त्यावर मिळून मार्ग काढू.